निळ्याच्या तीन ओळी

फोन वाजला तेव्हा ठकी अर्धी जागी होती आणि अर्धी कुठल्याशा पाण्याखालच्या घरात. त्या घरात सगळं सावकाश चाललं होतं. दारं उघडायला वेळ लागत होता, आणि कोणी बोललं की ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. तिने उशीखालचा फोन कानाला लावला तर पलीकडून खरंच पाण्याचा आवाज आला, मोठा नळ सोडल्याचा, आणि त्या आवाजावरून ताईचा आवाज.

"ठके, उठलीस का? का लोळतेयस अजून?"

"उठले गं. साडेसात वाजलेत इथे."

"इथे अकरा. माझा निम्मा दिवस सरला. बस तुझ्या त्या डब्यापुढे आणि काय ते बघ. बाईंचा परत फोन आला होता."

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी जिथे बसवाल तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची म्हणून ताईने ते ठेवलं, आणि चाळिशी आली तरी सुटलं नाही. पुढे बसून राहण्याचंच काम तिने पोटापाण्याला धरलं. ती प्रोग्रॅम लिहिते. ताई अकरा वर्षांनी मोठी, आणि तिचा जन्म उभ्याने गेला. ती लोकर रंगवते. उंच छताच्या एका शेडमध्ये तिचे स्टीलचे चार मोठे हंडे आहेत, एक वजनकाटा, कपाटभर रंगांच्या भुकट्या आणि उत्तरेच्या बाजूला भलीमोठी खिडकी. वाळलेली लडी त्या खिडकीशी धरायची, डोळे बारीक करायचे, आणि म्हणायचं "झाला" किंवा "नाही झाला". त्यावर अपील नाही.

ताई नमुना कधी शेजारी धरत नाही. ज्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे ती शिकली त्याची ती शिस्तच होती. रंग एकदा बघायचा, डोळ्यात धरायचा आणि नमुना परत करून टाकायचा. शेडमध्ये जुन्या खेपेचा एक धागासुद्धा ठेवायचा नाही. नमुना शेजारी ठेवणं म्हणजे आपल्या डोळ्यावर अविश्वास, असं तो म्हणे. ताईने ही शिस्त तीस वर्षं पाळली आणि तिचा तिला जरा जास्तच अभिमान होता. लोकांनाही होता म्हणा. अमक्या साली दिलेला अमका हिरवा पुन्हा हवा म्हटलं की ताई डोळे मिटायची आणि तो हिरवा काढून द्यायची.

रंगाचं वजन मात्र गेली सहा वर्षं ठकीचं ॲप काढत होतं. लोकर किती किलो, रंग कोणता, त्या दिवशीचं पाणी कसं, एवढं भरलं की कोणती भुकटी किती ग्रॅम ते ब्राउझरमध्ये यायचं आणि चिठ्ठी छापून निघायची. आधी ताईने नाकं मुरडली, मग हळूहळू चिठ्ठीशिवाय तिचं पान हलेना. ॲप चालायचं शेडमधल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरून ठकी दुरून पाठवायची. तिच्या धंद्यात त्याला कंटेनर म्हणतात. नवा डबा पोचला की जुना आतल्या सगळ्यासकट फेकला जातो. ताई तर त्या कॉम्प्युटरलाही डबाच म्हणायची आणि ठकीच्या लॅपटॉपलाही.

आता त्या डब्याने दोघींच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. एका विणकर बाईंनी नाटकगृहाचा मोठा पडदा विणायला घेतला होता, संध्याकाळ उतरताना आकाश होतं तशा निळ्याचा. पहिली खेप बाईंना पसंत पडली, अर्धा पडदा विणून झाला. मग दुसरी खेप गेली ती जास्त निळी. परत आली. तिसरीही परत आली. बाई वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक आणि ताईचं बहुतेक काम त्यांचंच. त्या म्हणाल्या होत्या, "मला दुसरीकडे जायला जिवावर येतं, पण अर्ध्या आकाशाला ठिगळ नाही ना लावता येत. ही खेप जुळली नाही तर माझा नाइलाज आहे." उद्या सकाळी त्यांची गाडी येणार होती.

आणि गंमत अशी की ताईचं म्हणणं अगदी उलट होतं. तिच्या मते पहिली खेपच फसली होती, पिवळट निघाली होती, आणि घाईघाईत ती मन मारून पाठवली होती. "तुझा नवा डबा आला की दोन दिवस सगळं पिवळट," ती म्हणायची. ठकी दर वेळी आपल्याकडे तेच आकडे घालून बघायची आणि दर वेळी उत्तर बरोबर यायचं. "माझ्याकडे तर बरोबर येतंय," हे वाक्य प्रोग्रॅमरच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि ते ऐकून आजवर एकाही माणसाचं समाधान झालेलं नाही.

म्हणून आज तिने ठरवलं होतं की आपल्याकडे बघायचंच नाही. थेट ताईच्या शेडमधल्या चालत्या डब्याला जोडून घ्यायचं आणि तो आकडा काढत असताना त्याचा हात धरायचा.

ती पांघरूण अंगाभोवती तसंच घेऊन टेबलापाशी बसली. खिडकीबाहेर ऊन अजून दुधट होतं. फोन स्पीकरवर ठेवला तशी शेड खोलीत आली. हंड्याखालच्या शेगडीचा घुमारा, पाण्याचे थेंब, ताईच्या रबरी बुटांची चपचप. जोडणी झाली. चौऱ्याऐंशीव्या ओळीवर, जिथे निळ्याचं वजन निघतं तिथे, तिने थांबा लावला. प्रोग्रॅम धावत त्या ओळीपाशी आला की तिथेच थबकणार.

"आता भर ताई. चाळीस किलो, पडद्याचा निळा."

"भरलं. बटण दाबू?"

"दाब."

"दाबलं. चक्र फिरतंय नुसतं."

"फिरू दे. तो माझ्यापाशी थांबलाय."

"एवढ्या लांब बसून थांबवतेस? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच."

ठकी हसली, पण तिचं लक्ष लॅपटॉपच्या पडद्यावर होतं. हा क्षण तिला फार आवडायचा, आणि हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारं काम असं मध्येच उभं राहतं आणि त्यातून आपण निवांत फिरू शकतो. मुलं खेळताना 'स्टॅच्यू' म्हणतात ना, तसंच. पिवळा अजून शून्यावर होता, त्याची पाळी यायची होती. लाल त्याच्या मागे. पाण्याचा आकडा हातात धरून कोणीतरी उभं होतं. आणि निळा होता चारशे बारा ग्रॅम. अगदी बरोबर. तिच्या मनात आलं, आपण अजून त्या पाण्याखालच्या घरातच आहोत आणि हे तिथलंच माजघर आहे.

तिने त्याला एक पाऊल पुढे टाकू दिलं.

पाऊल पडलं ते कोऱ्या ओळीवर. ठकीने डोळे चोळले. कोऱ्या ओळीवर प्रोग्रॅम कधी थांबत नाही, तिथे थांबण्यासारखं काही नसतंच. पण थांबलेली ओळ दाखवणारी पिवळी पट्टी तिथे उभी होती. आणि तिने आणखी एक पाऊल टाकायला लावलं तेव्हा निळा झाला चारशे तेहतीस. पट्टी आता तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या एका टिपणावर होती, ज्याचा हिशेबाशी काडीचा संबंध नव्हता. आणखी एक पाऊल. चारशे एकोणसाठ. आणखी एक. चारशे एक्क्याण्णव. जिथे काहीच लिहिलेलं नाही अशा जागांवरून प्रोग्रॅम चालत होता आणि दर पावलाला निळा चढत होता, भरतीचं पाणी पायरीपायरीने वर यावं तसा.

मग तिच्या ध्यानात आलं. ती बघत होती तो मजकूर तिच्याकडचा होता. ताईच्या डब्यात चालत होता तो वेगळाच होता, आणि ती आपली हातातल्या जुन्या नकाशावर बोट ठेवून परक्या घरात फिरत होती. तिने डब्याच्या आतली खरी फाइल ओढून उघडली. चौऱ्याऐंशीव्या ओळीखाली तीन ओळी जास्त होत्या. निळा, शंभराला पाच जादा. निळा, शंभराला सहा जादा. निळा, शंभराला सात जादा. फाइल बदलल्याची वेळही होती. नवा डबा पाठवल्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.

त्या शेडमध्ये सकाळी अकरा वीसला कॉम्प्युटरपाशी असणारं माणूस एकच होतं. दोन वर्षांपूर्वी ठकीचं नेट बंद पडलं असताना तिने फोनवरून ताईला अक्षर न् अक्षर सांगून डब्याच्या आत जायला आणि एक आकडा बदलायला लावलं होतं. ताईने ते सगळं वहीत उतरवून घेतलं असणार. ताई काय उतरवून घेत नाही!

म्हणून ते दोन दिवस. नवा डबा आला की जुना फेकला जातो, आणि त्याच्याबरोबर ताईच्या ओळीही. मग निळा होता तेवढा होतो, ताईला तो पिवळट दिसतो, आणि ती परत आत जाऊन ओळी लिहिते. काही महिन्यांनी त्यात आणखी एक. पहिली खेप नव्या डब्यावर रंगवली गेली होती. तीच बरोबर होती.

"ताई," ठकी म्हणाली, "आत तीन ओळी कोणी घातल्यात?"

पलीकडे नळ बंद झाला.

"ओरडू नकोस," ताई म्हणाली. "मी तुला सांगणार होते."

"ओरडत नाहीये."

"तुझा आकडा कमी पडत होता. प्रत्येक वेळी तुला फोन करायचा, तू म्हणणार माझ्याकडे बरोबर येतं. म्हटलं, एवढ्यासाठी कुठे तुझ्या मागे लागू? निळा थोडा वाढवला की बरोबर दिसायचं. मग काही महिन्यांनी पुन्हा कमी पडायला लागायचा. तुझ्या हिशेबाला गळती आहे ठके, मी तर निव्वळ बुजवत होते."

काही महिन्यांनी पुन्हा कमी. आकडे आपण होऊन कमी होत नसतात, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तिला मावशी आठवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आली तेव्हा दारातच उभी राहून तिने विचारलं होतं, भिंतींना पांढरा रंग कधी दिलात? कोणीच दिला नव्हता. घरातले सगळे खूप हसले होते, मावशीसुद्धा.

प्रोग्रॅम अजून तिच्या हातात थांबलेला होता. थांबलेल्या प्रोग्रॅममधला आकडा बदलता येतो. चारशे एक्क्याण्णवच्या जागी चारशे बारा लिहायचं आणि पुढे सोडायचं, एवढंच. चिठ्ठी बरोबर छापली जाईल. ताईला सांगता येईल की गळती सापडली, चूक माझीच होती. ठकीला ते फार फार करावंसं वाटलं. तीस वर्षं जी बाई डोळ्यांवर जगली तिला तिचे डोळे फितूर झालेत हे सकाळी सकाळी फोनवर कसं सांगायचं? तिने आकड्यावर बोट ठेवलंही. पण मग तिला पुढचं दिसलं. लडी हंड्यातून निघेल, ताई खिडकीशी जाईल, डोळे बारीक करील, "नाही झाला" म्हणेल, आणि चमच्याने चिमूटभर निळा हंड्यात टाकील. ताईच्या हातात कुठला थांबा लावणार होती ती?

"ताई, एक काम कर. खिडकीपाशी जा."

"कशाला?"

"जा तर."

बूट चपचपत गेले.

"समोरच्या भिंतीकडे बघ. कशी आहे?"

"पांढरी आहे, कशी असणार? जुनी झालीय."

"आता उजवा डोळा झाक. डाव्याने बघ."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"झाक ना गं."

"झाकला. आहे की. पांढरीच आहे."

"आता डावा झाक, आणि उजव्याने बघ."

शेगडीचा घुमारा तेवढा येत राहिला. ठकीने कान टवकारले. ताईने डोळा बदलला असावा, पुन्हा बदलला असावा, पुन्हा एकदा. दूरवर कोणीतरी लोखंडी शटर उघडलं, त्याचा खडखडाट फोनमधून आला आणि विरला.

"ठके," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "याने चहा सांडून वाळल्यासारखी दिसते."

"हं."

"संपूर्ण भिंत."

"हं. डाव्यालाही थोडं असेल. उजव्याला जास्त आहे."

मग ठकीने तिला सगळं सांगितलं. चारशे बारापासून चारशे एक्क्याण्णवपर्यंत, एकेक पाऊल. मावशीच्या भिंतीही सांगितल्या. मोतीबिंदूच असेल, तो निघतो, दोन दिवसांचं काम असतं, मी येते, मी तुला घेऊन जाते. ती भरभर बोलत राहिली, कारण थांबली असती तर रडली असती. नंतर पलीकडून एक विचित्र आवाज आला आणि ठकीला वाटलं ताई रडते आहे. ताई हसत होती.

"कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात," ती म्हणाली, "पण तो बिचारा घरी पडून तरी असतो. मी अख्ख्या जगालाच नीळ लावत सुटले." आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "बाईंना मी काय काय बोलले गं. म्हटलं, तुमच्या खोलीतला उजेड वाईट आहे. ऐकून घेतलं त्यांनी."

"त्यांना कळेल."

"मला कळायला नको होतं? माझं काम आहे ते. नमुना ठेवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हातारबुवांची शिस्त! त्यांना स्वतःला शेवटी काय दिसत होतं कोणास ठाऊक."

ऊन आता तिच्या टेबलावर चढलं होतं आणि लॅपटॉपवरची पिवळी पट्टी त्यात फिकी पडली होती. दोन शहरांच्या मध्ये कुठेतरी चाळीस किलो लोकरीचा निळा अजून श्वास रोखून उभा होता.

"अजून थांबलंय का ते तुझं?" ताईने विचारलं.

"थांबलंय."

"माझ्या ओळी काढ."

"तू सांग, मी काढते."

"सांगितलं ना. काढ. मी परत घालणार नाही."

ठकीने निळा चारशे बारावर आणला आणि प्रोग्रॅमला सोडून दिलं. पिवळा निघाला, लाल निघाला, सगळी माणसं आपापल्या कामाला लागावीत तसं डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं झालं. पलीकडे छपाईची घरघर ऐकू आली. मग तिने फाइलमधल्या तिन्ही ओळी पुसल्या.

रंग चढायला दोन तास लागतात. ताईने फोन बंद केला नाही आणि ठकीनेही नाही. दोघी आपापल्या ठिकाणी होत्या. ठकीने चहा केला. दुसरं काहीबाही काम उघडलं आणि तसंच ठेवलं. फोनमधून हंड्याची वाफ फुसफुसत होती, लाकडी दांडा लोकर वरखाली करत होता, त्याच त्या तालात, आणि तिचे डोळे मध्येच मिटत होते. त्या झापडीत तिला एक निळा पडदा दिसला, इतका मोठा की त्याला कडाच नव्हत्या. कोणीतरी तो विणत होतं आणि विणणाऱ्याचे हात दिसत नव्हते. लहानपणी ताई तिला झोपवायची तेव्हा कपाळावर तळहात ठेवायची, जड आणि ओला, रंगाच्या वासाचा. तो हात तिला आता कपाळावर असल्यासारखा वाटला.

"ठके."

ती दचकून जागी झाली. "काय गं?"

"लडी वाळवली एक. खिडकीशी उभी आहे."

"मग?"

"चूक दिसतेय. पिवळट आहे. अगदी स्पष्ट पिवळट आहे ठके, डोळ्यात खुपतेय मला." तिचा श्वास फोनवर मोठा येत होता. "डावा उघडते तेव्हा कमी, पण तरी आहेच. चमचा हातात आहे माझ्या."

ठकीने फोन दोन्ही हातांत धरला. तिला ती लडी दिसत नव्हती. फोटो काढ म्हणण्यातही अर्थ नव्हता, फोटोतला निळा कधी खरा नसतो. तिच्याकडे फक्त चारशे बारा हा आकडा होता. तो तिने स्वतः डोळ्यांनी बघितला होता, थांबवून, नीट.

"चमचा ठेव खाली, ताई."

मग काट्याच्या पत्र्यावर धातू टेकल्याचा आवाज आला.

तीस वर्षांत ताईने रंगाचं कोणाला विचारलं नव्हतं. बाईंना नाही, गिऱ्हाइकांना नाही, आणि ठकीला तर मुळीच नाही, कारण ठकीला मोरपंखी आणि हिरव्यातला फरकही धड कळत नसे आणि त्यावरून घरात तिची कायम टर उडायची.

"पाठवू का गं?" ताईने विचारलं.

"पाठव," ठकी म्हणाली.